वेदना आणि त्रैराशिक

दहा रुपयांस चार लिंबें, तर वीस रुपयांस आठ, हें त्रैराशिक बाजारांत खरें ठरतें. वेदनाशामक औषधांस मात्र तें लागू पडत नाहीं. भीमेच्या दोन्ही तीरांवर, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, ऊसतोडणीच्या हंगामांत पाठ ठणकूं लागली म्हणजे ‘एका गोळीनें निम्में दुखणें गेलें, तर दोहोंनीं सगळें जाईल’ असा हिशेब मनांत येणें स्वाभाविक आहे. शहरांत दाढ दुखली असतां आपणही तोच हिशेब करितों.

उदाहरणार्थ आयबुप्रोफेन पाहूं. प्रौढास त्याची ४०० मिलिग्रॅमची मात्रा जेवणानंतर, सहा ते आठ तासांच्या अंतरानें, दिवसांत फार तर तीनदां पुरे. वेदना वाढविणारीं द्रव्यें शरीरांत ज्या विकरामुळें बनतात, त्यास हें औषध अडवितें. तें बहुतांशीं अडलें म्हणजे अधिक औषधास काम उरत नाहीं. मग आराम फारसा वाढत नाहीं; जठराचा व मूत्रपिंडांचा धोका मात्र वाढतो. उन्हांत घाम गाळून शरीरांतील पाणी आटलेल्या मजुरास तो विशेष असतो, कारण अशा वेळीं मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा त्याच द्रव्यांच्या आधारें टिकतो.

पॅरासिटामॉलची मात्रा एका वेळीं ५०० ते १००० मिलिग्रॅम, मध्यें किमान चार तासांचें अंतर, आणि २४ तासांत कमाल ४००० मिलिग्रॅम. त्यापलीकडे यकृतास इजा होऊं शकते, आणि ती पहिल्या दिवशीं बहुधा जाणवतही नाहीं. ५० किलोंहून कमी वजनाचे, अशक्त वृद्ध, मद्यपी व यकृतरोगी यांनीं डॉक्टरांस विचारून कमी घ्यावें. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही हेंच औषध असतें. म्हणून वेष्टनावरील घटक वाचून बेरीज करावी.

एकानें भागत नसेल, तर मात्रा वाढविण्याऐवजीं हीं दोन औषधें आपापल्या मर्यादेंत जोडीनें घेणें अधिक गुणकारी ठरतें, असें दाढ काढल्यानंतरच्या वेदनेवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, दमा असलेल्यांनीं, गर्भवतींनीं आणि रक्त पातळ करणारें औषध घेणाऱ्यांनीं आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊं नये. डेंग्यूची शंका असतां तर तें टाळावेंच.

छातींत कळ आली, हातपाय बधिर झाले किंवा पोट कठीण झालें, तर गोळीच्या गुणाची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. इतर दुखणें तीन दिवसांत ओसरलें नाहीं, तर गोळ्या वाढवूं नयेत. डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावें.