पुल्ड पोर्क : शिजणं वेगळं, मऊ होणं वेगळं

पुल्ड पोर्क हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा पदार्थ. लाकडाच्या निखाऱ्यांवर डुकराचं मांस तासन्‌तास ठेवायचं आणि ते इतकं मऊ करायचं की सुरी न लावता त्याचे पदर हाताने किंवा काट्याने सुटावेत, अशी तिथली रीत आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजून त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ सॉस घालतात. पश्चिमेला लेक्झिंग्टनच्या बाजूला फक्त खांद्याचा भाग घेतात आणि सॉसमध्ये थोडा टोमॅटो येतो. साउथ कॅरोलायनात मोहरीचं पिवळं सॉस चालतं. आता हा पदार्थ घरोघरी स्लो कुकरमध्ये होतो आणि त्यासोबत बरेच गैरसमजही पसरले आहेत. त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे : मांस शिजणं आणि मांस मऊ होणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे लक्षात घेतलं जात नाही.

‘मांस जास्त शिजवलं की कोरडं होतं’ हा पहिला समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या 2011पासूनच्या शिफारशीनुसार डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून 63 अंश सेल्सिअसला पोचला आणि तीन मिनिटं तसाच ठेवला, की तो खायला सुरक्षित असतो. पण खांद्याचं मांस त्या टप्प्यावर चावता चावत नाही. चालताना सतत राबणाऱ्या या स्नायूंभोवती कोलॅजेनचं चिवट जाळं असतं. साधारण 70 अंशांच्या पुढे ते विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं, आणि या बदलाला वेळ लागतो. स्नायूतंतू तोवर आकसून पाणी बाहेर टाकतच असतात, म्हणजे मांस एका अर्थाने कोरडं होतच असतं. मात्र सुटलेलं जिलेटिन आणि वितळलेली चरबी तंतूंवर पसरते, म्हणून ते तोंडात रसदार लागतं. खांदा 90 ते 95 अंशांपर्यंत नेतात तो यासाठीच. पाठीच्या कण्यालगतच्या, कमी चरबीच्या मांसात कोलॅजेन फारसं नसतं. ते याच पद्धतीने शिजवलं तर पाणी जातं आणि त्या बदल्यात काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘चरबी नको म्हणून पाठीचा तुकडा घेऊ’ हा विचार इथे उपयोगाचा नाही. अमेरिकी दुकानांत यासाठी ‘बॉस्टन बट’ घेतात. हा तुकडा मागच्या बाजूचा नसून खांद्याच्या वरच्या भागाचा असतो.

दुसरा समज यंत्राबद्दलचा आहे. ‘लो’वर ठेवलं की मांस कमी तापमानाला शिजतं आणि ‘हाय’वर जास्त, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचशा स्लो कुकरमध्ये दोन्ही बटणांवर आतलं तापमान शेवटी उकळबिंदूच्या आसपासच पोचतं. फरक असतो तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. अर्विंग नॅक्सन यांना अशा भांड्याचं पेटंट 1940मध्ये मिळालं आणि रायव्हल कंपनीने 1971मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. या भांड्याची खरी करामत हळूहळू आणि सारखी उष्णता देण्यात आहे. दोन किलोच्या आसपासच्या खांद्याला ‘लो’वर आठ ते दहा आणि ‘हाय’वर पाच ते सहा तास लागतात, पण हा केवळ अंदाज आहे. तुकड्याची जाडी आणि कुकरची ताकद यांनुसार तो बदलतो. म्हणून ‘जितका जास्त वेळ, तितकं चांगलं’ हेही खरं नाही. कोलॅजेन विरघळून गेल्यावर मांस तसंच ठेवलं, तर तंतूंचा लगदा होतो. हाड सहज निसटतं का, काटा खुपसून फिरवल्यावर पदर सुटतात का आणि थर्मामीटर काय सांगतो, यांवर भरवसा ठेवावा.

पाण्याबद्दल दोन समज आहेत. ‘मांस बुडेल इतकं पाणी हवं’ हा त्यातला एक. घट्ट झाकणामुळे स्लो कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, आणि मांस स्वतःच भरपूर पाणी सोडतं. अर्धा कप व्हिनेगर किंवा सफरचंदाचा रस पुरतो. त्याहून जास्त घातलं की चव पातळ होते. ‘आधी तव्यावर परतलं की रस आत कोंडला जातो’ हा दुसरा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात ही कल्पना पसरली आणि पुढच्या प्रयोगांत ती चुकीची ठरली, कारण परतलेला पृष्ठभाग पाणी अडवत नाही. तरीही परतावं, पण चवीसाठी. साधारण 140 अंशांच्या पुढे पृष्ठभागावर जो खमंगपणा येतो, तो स्लो कुकरच्या दमट हवेत येऊच शकत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये टाकलं, तर ते 5 ते 60 अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहतं आणि तेवढ्यात जीवाणू वाढतात. ते आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळवावं. ‘वॉर्म’ हे बटण गरम ठेवण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नाही. उरलेलं मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावं, कारण काही जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि मांस सावकाश निवत असताना पुन्हा वाढतात. आपल्याकडे पट्टकृमीची भीती मोठी आहे आणि ती निराधार नाही, पण नीट शिजवलेल्या मांसातून तो धोका राहत नाही. मेंदूत होणाऱ्या गाठी तर पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांमार्गे पोटात गेल्याने होतात. म्हणून शाकाहारी माणसालाही त्या होऊ शकतात.

दोन आक्षेप उरतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की धुराविना हे बार्बेक्यू नव्हेच. बरोबर आहे. धुराची चव आणि बाहेरची करकरीत काळपट साल स्लो कुकर देऊ शकत नाही, आणि बाटलीतला धूर घालूनही ती उणीव भरून निघत नाही. त्याला बार्बेक्यू म्हणू नये, पण कोलॅजेन विरघळवण्याचं काम दोन्हीकडे सारखंच होतं. दुसरा आक्षेप आपल्या स्वयंपाकघरातून येतो : प्रेशर कुकर असताना एवढे तास कशाला? प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण 120 अंशांपर्यंत चढत असल्याने कोलॅजेन खूप लवकर विरघळतं, आणि तास-दीड तासात खांदा मऊ होतो. घाई असेल तर तो मार्ग उत्तम आहे. स्लो कुकरचा फायदा असा, की त्यात मांस मऊ होण्याचा टप्पा लांबतो. त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी पदार्थ बिघडत नाही आणि शिजताना राखण करत बसावं लागत नाही.

तेव्हा उत्तम पुल्ड पोर्कसाठी महागड्या मसाल्यापेक्षा योग्य तुकडा आणि एक साधा थर्मामीटर जास्त कामाचा. मांस मऊ झाल्यावर भांड्यातला रस वेगळा काढावा, वर तरंगणारी चरबी उतरवावी आणि उरलेला रस आटवून, व्हिनेगर घालून पदरांवर परत ओतावा. मांसातून सुटलेलं जिलेटिन या रसातच असतं. तो फेकून दिला, तर एवढे तास शिजवून जे मिळवलं त्याचा मोठा भाग वाया जातो.