हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचा वर्ग

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्यास ते अपुरे पडते. मग अंगात पाणी साठते, पाय सुजतात, आडवे होताच दम लागतो. तीन दिवसांत वजन २ किलोहून अधिक वाढले तर डॉक्टरांना लगेच कळवायचे असते. ही माहिती रुग्णालयातून घरी सोडताना घाईघाईत दिली जाते आणि विसरली जाते.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी यासाठी सामूहिक भेटींचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याखेरीज आठवड्याला एक अशा चार भेटी आणि सहाव्या महिन्यात एक उजळणी. पहिल्या सात महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण या गटात कमी दिसले. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. एका उजळणीवर वर्ष निघत नाही, हे शिक्षकांना नवे नाही!

सामूहिक भेटीत एकाने विचारलेली शंका दहाजणांची सुटते. 'मीठ कमी करा' एवढे सांगून भागत नाही. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ रुग्णाच्या हिशेबातच नसते. म्हणून ऐकलेले रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. चुकले तर तिथेच दुरुस्त करता येते.