घरी शिकणाऱ्या लेकरांसाठी शुद्धलेखनाचं पुस्तक निवडताना

दसऱ्याच्या सुमारास गटाची बैठक झाली. हप्ते लिहून झाले, वही मिटली आणि उठता उठता एका ताईंनी विचारलं, "दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणात उतरणार. दोन्ही लेकरं संगं हायेत. शुद्धलेखनाचं, व्याकरणाचं कुठलं पुस्तक घेऊ?"

या ताई नववीपर्यंत शिकल्या आहेत. घोड्यावरचं बिऱ्हाड उतरलं, चूल पेटली, मेंढरं बसली, की त्यांची पाटी निघते. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सातचा. पाऊस तोंडावर आला की वाडा माघारी येतो. मधले सहा-सात महिने त्या लेकरांची शाळा म्हणजे आईच.

प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. दुसरीच्या वर्गातली एक मुलगी आजारपणामुळे वर्षभर घरीच शिकते आहे. शिवाय दौंड शहरातल्या आमच्या चार-पाच जणींची मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि मराठी लिहायला बसली की रडकुंडीला येतात, म्हणून त्यांचंही मराठी घरीच. सगळ्यांना एकच हवं होतं, पुस्तकाचं नाव सांगा.

नाव सांगायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण आधी एकदा आमचे हात पोळले होते. दोन वर्षांमागे एक विक्रेता घरोघर फिरत आला. चकचकीत कागद, बारा पुस्तकं, साडेचार हजार रुपये. तिघींनी मिळून, गटातून अंतर्गत कर्ज काढून तो संच घेतला. पहिल्याच पुस्तकात पहिल्या पानावर व्याख्या. तिसरीतली मुलगी महिनाभरात "नामाऐवजी येणाऱ्या शब्दाला सर्वनाम म्हणतात" असं घडाघडा म्हणायला लागली. आईला वाटलं, पैसे वसूल. मग एक दिवस तिला सांगितलं, मामाला चिठ्ठी लिही. चार ओळींत नऊ चुका. सर्वनाम कशाला म्हणतात ते ठाऊक, पण 'तुझ्या' हा शब्द लिहिता येईना. संच माळ्यावर गेला. हप्ते मात्र पुढे आठ महिने चालू राहिले.

म्हणून या वेळी आम्ही पुस्तकं बाजूला ठेवली आणि मुलांच्या वह्या मागवल्या. जमिनीवर पसरून चुका बघत बसलो, तेव्हा ध्यानात आलं की सगळ्या चुका एका जातीच्या नाहीत.

काही चुका कानाच्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक नीट ऐकला की लिहिता येतो. काना, मात्रा गळणं, जोडाक्षर उलटं होणं हेही त्यातलंच. मूल शब्द सावकाश म्हणायला शिकलं की या चुका सुटतात.

काही चुका डोळ्याच्या. आपल्याकडे पुष्कळ घरांत 'पानी' म्हणतात, 'कोन आलं' म्हणतात. ज्या लेकरानं 'ण' कधी ऐकलाच नाही, त्याला "नीट ऐकून लिही" म्हणणं हा अन्याय आहे. ते बिचारं नीट ऐकूनच 'पानी' लिहितं. तिथं शब्द डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा जायला हवा. आणि हेही सांगतो, पोराला "तुझं बोलणं अशुद्ध" असं म्हणू नका. आजी बोलते ती भाषा अशुद्ध कशी असेल? "आपण बोलतो असं, पुस्तकात लिहितात असं," एवढं पुरे.

राहिल्या नियमाच्या चुका. त्यात सगळ्यात जास्त ऱ्हस्व-दीर्घाच्या. पण इथंच आम्हाला गंमत सापडली. 'ऊस' लिहिताना ऊ दीर्घ आणि 'उसाला' लिहिताना उ ऱ्हस्व. दूध, दुधाला. विहीर, विहिरीत. बहीण, बहिणीला. भूक, भुकेला. सावकाश म्हणून बघा, 'ऊस' लांबतो आणि 'उसाला' म्हणताना तो आखडतो. नियम आपल्या तोंडातूनच निघालाय. हा एक नियम बसला की वहीतल्या पुष्कळ लाल खुणा जातात. दुसरा त्याहून सोपा, शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ, जसं पाटी, कवी, जादू. 'आणि' हा ठळक अपवाद. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष असले शब्द वेगळे वागतात, ते पाचवीच्या आसपास शिकवले तरी काही बिघडत नाही.

एकूण नियम तरी किती? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, असे अठरा. त्यातले प्राथमिकच्या मुलाला चार-पाच पुरतात. बारा पुस्तकांचा संच कशाला लागतो?

आता पुस्तकाकडे येऊ. दुकानात गेलात तर मुखपृष्ठ बघू नका, मधलं पान उघडा. तिथं एका पानावर एकच गोष्ट शिकवलेली आहे का? आधी शब्द, वाक्य आणि मग नियम आहे, की आधी व्याख्या? शब्द लेकराच्या ओळखीचे आहेत का? मागं शिकवलेलं पुढच्या पानांत परत येतं का? आम्हाला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण एकदा शिकवून सोडून दिलेला नियम महिन्याभरात विरतो. आणखी एक खूण सांगतो. स्वरांचा तक्ता काढून त्यात ॲ आणि ऑ आहेत का बघा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ते आहेत. नसतील तर मजकूर जुनाच परत छापलेला असायचा संभव, आणि पोराला तर बॅट, बॉल रोजच लिहायचं असतं.

मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण घराघरात असतं. पुस्तक उत्तम, पण ते मोठ्या मुलांसाठी आणि परीक्षांसाठी. सातवर्षांच्या पोरापुढं ठेवू नका, तुम्ही स्वतः वापरा. अडलेल्या शब्दाला अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' आहे. त्यात शब्दाचं पुढं कसं रूप होतं तेही मिळतं. गटानं मिळून एक प्रत घ्यावी, एकटीनं घेण्याची गरज नाही.

मुलांसाठी आम्ही शेवटी बालभारतीचंच पुस्तक ठरवलं. ऐकून दोघी-तिघी हिरमुसल्या, काही तरी नवं निघेल असं त्यांना वाटत होतं. पण ते स्वस्त आहे, मोबाइलवर फुकट उतरवता येतं, आणि त्यात लिंग, वचन, विरुद्धार्थी शब्द धड्याच्या पोटात येतात, सुटे येत नाहीत. घरी शिकलेल्या मुलाला दहा वर्षं पूर्ण झाल्यावर राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीच्या स्तराची परीक्षा देता येते, तेव्हाही हाच पाया कामाला येतो. ज्याला अक्षरंच पक्की नाहीत, त्याला मात्र आधी वाचन. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 'आपण वाचूया' हा कार्यक्रम बसवला, त्यात अक्षरं क-ख-ग अशा क्रमानं न येता गटागटानं येतात आणि पहिल्या काही अक्षरांतच मूल शब्द वाचतं. घरीही तसं करून बघा.

पुस्तकाच्या जोडीला आम्ही एक साधी वही दिली. रोज दहा मिनिटं, पाच शब्द आणि दोन वाक्यं सांगून लिहून घ्यायची. चूक झाली की खाडाखोड करायची नाही, त्या ओळीपुढं फक्त एक टिंब द्यायचं. कुठं चुकलं ते लेकरानं पुस्तकात बघून शोधायचं. एका दिवशी एकाच जातीच्या चुका बघायच्या, बाकीच्या तशाच सोडायच्या. हे आयांना फार जड जातं. आजारी मुलीची आई सांगत होती, आधी ती दर ओळीला लाल गोल करायची, आणि पोरीनं लिहिणंच सोडलं होतं. दोन महिने टिंबांवर काढले, तेव्हा ती पुन्हा पाच-सहा ओळी लिहायला लागली.

"पण आमचंच शुद्ध नाही, आम्ही काय शिकवणार?" हे प्रत्येक बैठकीत निघतं. गटाचं इतिवृत्त लिहायची पाळी आली की हात मागं घेणाऱ्या आपल्याच बायका आहेत. त्यांना आम्ही केडगावची आठवण देतो. आपल्याच तालुक्यात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी शिकवलं. लक्ष्मीबाईंना लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलेलं. आणि हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रेला पायी फिरत होतं, एका जागी घर नव्हतंच. त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलं. पुढं केडगावला छापखाना निघाला, तिथं कामाला बायकाच होत्या. लक्ष्मीबाई विदुषी होत्या, आपण नाही, हे खरं. पण अडलं की लेकरासमोरच पुस्तक उघडून "चल, दोघं बघू" एवढं तर म्हणता येतं.

आणि एक बाब आम्हालाही नव्यानं कळली. शहरातली इंग्रजी शाळेची मुलं 'लिंबूला', 'कोकरूला' असं लिहितात. वाड्यावरची ती थोरली कधीच तसं लिहीत नाही. 'कोकराला' तिच्या तोंडातच आहे, निम्मं व्याकरण ती घरून घेऊन आली आहे. तिला हवाय फक्त 'ण' आणि ऱ्हस्व-दीर्घ. म्हणून तिच्या वहीतले पाच शब्द वेगळे आणि शहरातल्या मुलांचे वेगळे काढले. पुस्तक एक असलं तरी याद्या ज्याच्या त्याच्या.

परवा ताईंनी कोकणातून फोनवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'कोकराला भुक लागली. भुकेने ते ओरडत होते.' खाली ताईंचा आवाज, "भुकेनं बरोबर हाय, पण वरचं भुक बरोबर का? आम्ही दोघींनी पुस्तक पालथं घातलं." आम्ही तिकडून एवढंच विचारलं, ऊस कसा लिहिता? थोड्या वेळानं दुसरा फोटो आला. पोरीनं वरच्या शब्दाला दुसरा उकार दिला होता आणि ओळीपुढचं टिंब स्वतःच खोडलं होतं.