विजारीवरील तांबडा डाग

मुलगा क्रिकेट खेळून घरीं आला आणि त्याच्या पांढऱ्या विजारीवर मांडीपाशीं तांबडे ओरखडे दिसले कीं घरांतील मंडळी रागावतात. पण रागावण्यापूर्वीं त्या डागाची हकीकत ऐकावी.

२५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. इंग्लंडचे सलामीचे फलंदाज होते होम्स व सट्क्लिफ. याच जोडीनें दहा दिवसांपूर्वीं यॉर्कशायरतर्फे ५५५ धावांची भागी केली होती! महंमद निसारनें नव्या चेंडूवर दोघांचेहि त्रिफळे उडविले. तिसरा गडी धावचीत झाला, आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. निसारचा जोडीदार अमरसिंग तर चेंडू हवेंत वळविण्यांत निष्णात होता. सामना आपण १५८ धावांनीं हरलों; पण आपल्या गोलंदाजीचा दरारा बसला.

चेंडू हवेंत वळतो कसा? गोलंदाज शिवण किंचित् तिरपी धरून चेंडू सोडतो. ज्या बाजूस वारा शिवणीला अडखळतो, तेथें चेंडूलगतचा त्याचा पातळ थर खळबळतो आणि असा थर चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा शांत थर मात्र लौकर सुटतो. त्यामुळें मागील प्रवाह एका अंगास कलतो व चेंडू उलट अंगास, म्हणजे शिवणीच्या रोखानें, ढकलला जातो. हा भेद टिकावा म्हणूनच एक बाजू विजारीवर घासून चकचकीत राखावयाची. जुना चेंडू फार वेगानें टाकला तर तो उलट चकचकीत बाजूकडेच वळतो. ही विद्या पाकिस्तानच्या सरफराझ नवाझ व इम्रान खान यांनीं नांवारूपास आणली.

या विद्येला एक मर्यादा आहे. घामानें व कापडानें चेंडू पुसणें नियमांत बसतें. थुंकी लावण्यास २०२० मध्यें साथीमुळें बंदी झाली व २०२२ मध्यें ती कायम झाली. चेंडू खरवडणें तर सरळ लबाडी. मार्च २०१८ मध्यें केपटाउन येथें ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनीं घासकागद वापरला. कर्णधार स्मिथ व उपकर्णधार वॉर्नर यांना वर्षभर आंतरराष्ट्रीय खेळास मुकावें लागलें.

घांसण्याचे कष्ट तेवढेच, पण एकांत प्रतिष्ठा, दुसऱ्यांत लाज! तेव्हां मुलाच्या विजारीवर डाग दिसला, तर साबण जरूर लावावा. पण तो डाग प्रामाणिक मेहनतीचा आहे, हेंहि त्याला सांगावें.