टाकीत बाटली ओतण्याआधी

मृग जवळ आला की तेल्हाऱ्यातल्या माझ्या पंप-नोझलच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "मिस्त्री, ट्रॅक्टर धूर लय मारून राह्यला. डिझेलात टाकाची काही दवाई हाय का?" पाठोपाठ खिशातून मोबाइल निघतो आणि त्यावर एखाद्या बाटलीची जाहिरात असते. ॲव्हरेज वाढेल, धूर बंद होईल, पंप दुप्पट टिकेल. विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. डिझेल नव्वदीच्या घरात, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही आणि भाड्याच्या नांगरटीचा दर गावानं ठरवलेला. अशात दोन-तीनशे रुपयांत इंजिन सुधारत असेल तर कोण नाही म्हणेल? पण माझं उत्तर ठरलेलं आहे: आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॅक्टरना त्या बाटलीची गरज नाही. का नाही, ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जाऊन ती घेतोच.

पहिली गोष्ट, पंपावरचं डिझेल कोरं नसतंच. देशातल्या डिझेलसाठी आयएस १४६० हे मानक आहे आणि त्यात बसवण्यासाठी तेल कंपन्या जे मिसळायचं ते आधीच मिसळतात. लोकांच्या मनात भीती बसली आहे ती गंधकाची. बीएस-३ डिझेलमध्ये दर किलोला ३५० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ते ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये फक्त १० वर. तेव्हापासून ऐकतो आहे की नवं डिझेल 'कोरडं' आहे, पंप घासतं. म्हणून कोणी टाकीत टू-स्ट्रोक ऑइल ओततो, कोणी पावशेर इंजिन ऑइल.

या भीतीला आधार आहे, पण अर्धाच. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा खरंच कमी होतो. तो भरून काढायला तेल कंपन्या वंगण वाढवणारं रसायन घालतात आणि त्याची परीक्षाही घेतात. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून, ६० अंश तापमानात, पोलादी चकतीवर सलग ७५ मिनिटं घासतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरची झीज मोजतात. ती ४६० मायक्रॉनपेक्षा जास्त भरली तर ते डिझेल मानकात बसत नाही. म्हणजे वंगणाचं काम तुमच्या टाकीत पोचण्याआधीच झालेलं असतं. वरून ओतलेलं इंजिन ऑइल पूर्ण जळत नाही, त्याची राख नोझलच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हवर बसते. ती खरवडून काढायचं काम मग माझ्याकडे येतं.

आता धुराकडे येऊ. गेल्या हंगामात हिवरखेडकडचे एक भाऊ तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरची नोझलं काढून घेऊन आले. दोन बाटल्या ओतून झाल्या होत्या, काळा धूर तसाच. नोझल टेस्टरला लावलं आणि हँडल दाबलं. पहिलं नोझल ठरलेल्या दाबाला बारीक 'चर्र' करून उघडलं, चारही भोकांतून सारखा फवारा आला, हँडल सोडताच टोक कोरडं. दुसरंही तसंच. तिसऱ्याचा काटा निम्म्याहून थोडा वर जाताच थेंब लोंबायला लागला, आवाज नाही, फवारा एकाच बाजूला धारेसारखा. आत सुईवर गंजाचे बारीक ठिपके होते. तो गंज पाण्याचा. गंजलेल्या पोलादाला कोणतंही द्रव परत गुळगुळीत करत नाही. नोझल बदललं, दाब जुळवला. मग मी त्यांना एअर क्लीनर उघडायला सांगितला. ऑइल बाथच्या वाटीत तेलाऐवजी कुटाराचा चिखल होता. आदल्या सोयाबीनला थ्रेशर चालवल्यापासून ती वाटी कोणी खोललीच नव्हती. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. बाटलीनं हवा वाढत नाही.

धुराचा रंग शेतकऱ्यानं स्वतः ओळखला पाहिजे. काळा असेल तर हवा कमी, डिझेल जास्त किंवा ओढ जास्त. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतं आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारं पाणी. या तिन्ही दुखण्यांवर एकच बाटली चालते असं जो सांगतो, त्यानं इंजिन उघडून पाहिलेलं नाही.

माझ्या मते डिझेल इंजिनाचा खरा वैरी पाणी आहे, आणि त्याबद्दल कोणी जाहिरात करत नाही. आपल्याकडे पेरणी आटोपली की मोठा ट्रॅक्टर थेट सोयाबीन निघेपर्यंत बराचसा उभाच असतो. टाकी अर्धी रिकामी, बाहेर श्रावणातली ओली हवा. रात्री पत्रा थंड झाला की टाकीतल्या हवेतलं पाणी आतून पाझरतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. फिल्टर उघडला की काळपट, बुळबुळीत, आंबूस वासाचा साका दिसतो, तो हाच. त्यात भर शेतातल्या कॅनची. प्लॅस्टिकचा कॅन, झाकण हरवलेलं, तोंडाला चिंधी कोंबलेली, फनेल मातीत आडवं पडलेलं. काळ्या मातीची धूळ किती बारीक असते हे सांगायला नको. पंपाचा प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, माणसाचा केस ७० च्या आसपास. त्या फटीत आपली माती गेली की पुढचं काम माझ्या दुकानातच होतं.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'मायको पंप' आहे. १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ही कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण तेल्हाऱ्यात ती मायकोच राहिली. ते इनलाइन पंप दणकट, बरंच सोसतात. रोटरी पंपाचं तसं नाही, त्याचं सगळं वंगण डिझेलच. आणि जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाल्यावर कॉमन रेल आलं. तिथे जुन्या नोझलच्या कितीतरी पट दाब असतो, त्यामुळे पाण्याचा एक घोट हजारोंच्या खर्चात पाडतो. अशा ट्रॅक्टरमध्ये मनाचं काहीही ओतू नका. मॅन्युअलमध्ये कोणतं इंधन लिहिलं आहे ते आधी वाचा, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो. जस्ताच्या ड्रममध्येही डिझेल साठवू नका. जस्त थोडं थोडं डिझेलमध्ये उतरतं आणि कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये थर धरतं.

सगळीच रसायनं खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. नोझलवरचा कार्बन रोखणारी डिटर्जंटं खरी आहेत आणि युरोपात प्यूजोच्या एक्सयूडी-९ इंजिनावर त्यांची रीतसर चाचणी होते. पंपावर मिळणाऱ्या एक्स्ट्राग्रीनसारख्या ब्रँडेड डिझेलमध्ये अशी रसायनं कंपनीच मापानं घालते. हे करायचंच असेल तर तो मार्ग बरा. सिटेन, म्हणजे डिझेलची पेट घेण्याची क्षमता, वाढवणारी रसायनंही असतात, पण आपल्या डिझेलचा सिटेन क्रमांक मानकाप्रमाणे किमान ५१ आहे आणि साध्या ट्रॅक्टरला तेवढा पुरतो. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून लडाखकडे वेगळी व्यवस्था लागते, तेल्हाऱ्याच्या थंडीत नाही. बुरशीनाशकाची गरज एखाद्यालाच, ज्याच्याकडे साठा महिनोन्‌महिने पडून राहतो आणि साका दिसला आहे त्याला. तेही आधी पाणी आणि साका काढून, टाकी धुऊन. पाणी तळाशी ठेवून औषध ओतलं तर मेलेली बुरशी फिल्टरच तुंबवते.

आता हिशेब. समजा बाटली ३०० रुपयांची आणि ५० लिटरला पुरते. लिटरमागे ६ रुपये झाले. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसता तो खर्च निघायलाच सव्वासहा टक्के डिझेल वाचलं पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, ईपीएनं, गाड्यांचं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उत्पादनं तपासली. लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही. आणि आपण शेतात मोजणार कसं? सकाळी वखरलेलं वावर आणि दुपारी नांगरलेलं वावर, ओलावा वेगळा, खोली वेगळी, ड्रायव्हर वेगळा. तेवढ्यानंच बचतीचा आकडा वर-खाली होतो. याउलट गळती मोजता येते. सेकंदाला एक थेंब गळला तर वर्षाला दीड-दोन हजार लिटर होतात. बॅन्जो बोल्टचं वॉशर बदलायला किती लागतात ते माझ्या दुकानात येऊन विचारा.

भेसळीबद्दलही बोललं पाहिजे, कारण धूर आणि ठोका कधी कधी तिथूनही येतो. रॉकेल पातळ असतं, पंपाला वंगण देत नाही. या धंद्यात पैसा किती आणि माणसं कोणत्या थराची, ते २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ महाराष्ट्रानं पाहिलं. भेसळखोरांना अडवणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. स्वस्त डिझेल, 'बायोडिझेल' म्हणून रस्त्याकडेला टँकरमधून मिळणारं काहीही, दारात आणून दिलं तरी घेऊ नका. लिटरमागे वाचलेले चार रुपये पंपाच्या कॅलिब्रेशनमध्ये जातात.

म्हणून बाटलीचे पैसे असे लावा. मृगाआधी दोन्ही फिल्टर बदला, सेडिमेंटरची काच रोज सकाळी पाहा, पाणी दिसलं की सोडा. काम संपलं की संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे ओल्या हवेला जागा राहत नाही. थ्रेशरच्या दिवसांत ऑइल बाथ रोज साफ करा. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नये, खारानं नळ्या बुजतात आणि दोष डिझेलवर येतो. डिझेलचा कॅन वेगळा, झाकणाचा, आणि त्यात कधीही फवारणीचं पाणी नको.

आणि पुढच्या वेळी पंपावर कॅन धराल तेव्हा डिझेलची घनता तपासून मागा. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि जार प्रत्येक पंपावर ठेवावेच लागतात. १५ अंशांना बदलून आलेला आकडा टँकरसोबत आलेल्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त वर किंवा खाली नको. माप कमी वाटलं तर ५ लिटरचं शिक्क्याचं मापही मागता येतं. हा ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे, त्याला एक पैसा लागत नाही.