गडचिरोली : घर, काम आणि रोजचं जगणं

जिल्हा : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. १२ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १०.७ लाख, त्यात शहरी जेमतेम ११ टक्के.

घरकुल : बोलताना सगळ्यालाच हा एक शब्द, योजना मात्र वेगवेगळ्या. शबरी योजना आदिवासींसाठी, रमाई अनुसूचित जातींसाठी, दोन्ही राज्याच्या. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) केंद्राची, २०१६ पासून. तिच्यात घर किमान २५ चौ. मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. मूळ अनुदान सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ व दुर्गम भागात १.३० लाख रुपये. पैसे हप्त्यांनी, बांधकाम पुढे सरकेल तसे.

काम : खरिपात धान. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदू. पहाटे पानं तोडायची, घरी सावलीत बसून पुडे बांधायचे, मग फळीवर (संकलन केंद्रावर) नेऊन मोजून द्यायचे. एका पुड्यात ७० पानं. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे ७० हजार पानं, एकेक करून हाताळलेली.

वनहक्क (कायदा २००६) :
- वैयक्तिक : कसत असलेली जमीन, कमाल ४ हेक्टर. वारसांना मिळते, विकता येत नाही.
- सामूहिक : बांबू, तेंदूसारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला.

वाट : जिल्ह्यातलं जुनं रेल्वे स्थानक वडसा, तेही उत्तर टोकाला. दक्षिणेकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याचा अनुभव वर्षानुवर्षांचा.