काकडीच्या धावपट्टीवर हिमवर्षाव

आपल्या भागात बर्फ पडत नाही. निफाडचा पारा घसरला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, की वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात. आपली हिमाशी ओळख बहुधा तेवढीच. मात्र आज अनेक घरांतील मुले-नातवंडे टोरांटो, शिकागो, न्यू जर्सी येथे स्थायिक झाली आहेत. जानेवारीत त्यांच्यापैकी कोणाचे विमान खोळंबले, की इकडे आजी-आजोबांच्या जिवाला घोर लागतो. ‘विमानात बसलो आहोत, बाहेर पंखांवर काही फवारत आहेत’, एवढाच निरोप येतो आणि घोर अधिकच वाढतो. त्या फवारणीचा अर्थ घरबसल्या समजून घेण्याचे एक उत्तम साधन म्हणजे संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटर. निवृत्तीनंतर जडलेल्या या छंदातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

सरावासाठी आपला काकडीचा विमानतळच घेऊ. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,९०० फूट आहे. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढील सारा हिशोब त्यावर बेतलेला आहे.

२०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हवामानाचे दोन मार्ग आहेत. ‘लाइव्ह वेदर’ निवडल्यास त्या क्षणीचे खरे हवामान पडद्यावर येते. त्याची माहिती स्वित्झर्लंडमधील मेटिओब्लू ही संस्था पुरवते. या मार्गाने काकडीला बर्फ कधीच दिसणार नाही. दुसरा मार्ग तयार नमुन्यांचा. त्यांतील ‘स्नो’ निवडून त्यात आपल्याला हवे ते फेरफार करता येतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जमिनीवर साचलेले बर्फ आणि आकाशातून पडणारे हिम ही दोन स्वतंत्र खाती आहेत. बर्फाच्या जाडीची पट्टी सरकवली, की कडक उन्हातही काकडीची शेते पांढरी होतात. ते केवळ चित्र. पडणाऱ्या पर्जन्याचे हिम होईल की पाऊस, हे मात्र तापमान ठरवते. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांमागे सुमारे २ अंश वजा करतात. म्हणजे काकडीला साधारण ११ अंश उरतात, आणि तेथे पाऊसच पडणार. श्रीनगरचा विमानतळ सुमारे ५,४०० फुटांवर आहे. तेथेही ४ अंशांच्या आसपास पाऊसच. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांहून उंच. तेथे मात्र कोणताही बदल न करता उणे ६ येतात आणि हिम पडू लागते. काकडीला उणे ३ हवे असतील, तर समुद्रसपाटीचे तापमान १ अंशावर आणावे. ही वजाबाकी नातवंडांकडून करून घ्यावी. पाठ्यपुस्तकातील भूगोल त्यांना निराळा वाटू लागतो.

यापुढचा फेरफार सर्वांत महत्त्वाचा. साहाय्याच्या पर्यायांत हिमलेपनासाठी तीन निवडी आहेत : चालू, बंद आणि केवळ दृश्य. तिसऱ्या निवडीत पंखांवर बर्फ दिसते, पण विमानाला त्याचा भार जाणवत नाही. वहीत थकीत दाखवलेले, परंतु नफ्यातून कधीच वजा न केलेले कर्ज जसे, तसेच हे. नवख्याने पहिले दोन दिवस तेथे रमावे, नंतर ‘चालू’ निवडावे. मग खरा प्रकार कळतो. पंखाचा घडीव आकार बर्फाने बिघडतो, उचल घटते, वेग मंदावतो. वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे तोंड गोठले, की वेगाचा काटा खोटे सांगू लागतो. म्हणून त्या नळीला ऊब देणारे बटण आधीच दाबून ठेवावे लागते. सेस्ना १७२ या छोट्या विमानात पंखांवरील बर्फ हटवण्याची सोयच नाही. त्यात शहाणपण एकच : हिमाच्या ढगात शिरू नये, शिरलेच तर तात्काळ मागे वळावे.

हे केवळ खेळातले धडे नव्हेत. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षाव चालू असताना एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ उड्डाणानंतर काही क्षणांतच पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळले. विमानातील ७९ जणांपैकी ७४ आणि पुलावरील चौघे मृत्युमुखी पडले. इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालू केलेली नव्हती. संवेदक गोठल्यामुळे यंत्रे प्रत्यक्षापेक्षा अधिक शक्ती दाखवत होती, आणि पंखांवर बर्फ असतानाच विमान निघाले होते.

यास्तव थंड प्रदेशांत उड्डाणापूर्वी पंखांवर ग्लायकोलयुक्त द्रव फवारतात. प्रथम गरम, बहुधा नारिंगी द्रव साचलेले बर्फ वितळवतो. नंतर दाट, हिरवट द्रवाचा थर नवे हिम काही काळ चिकटू देत नाही. तो काळ मोजका असतो. तेवढ्यात उड्डाण झाले नाही, तर विमानाला फवारणीसाठी पुन्हा परतावे लागते. विलंबाचे एक मोठे कारण हेच.

आपल्याकडे हिम नसले, तरी हवेपुढे थांबणे नवे नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अपुऱ्या दृश्यमानतेमुळे काकडीची उड्डाणे अनेक दिवस बंद राहिली आणि भाविकांची गैरसोय झाली. गैरसोय खरी होती. पण धावपट्टी न दिसता उतरण्याचा आग्रह कोणीही धरू नये, हेही तितकेच खरे.

म्हणून पुढच्या वेळी परदेशातून फोन आला आणि विमान अजून जागेवरच असल्याचे कळले, तर ‘इतका वेळ का लावतात?’ असे न विचारता ‘दुसरा, हिरवा थर दिला का?’ असे विचारून पाहावे. पलीकडून हसू ऐकू येईल, आणि घरातील आजीलाही त्या रात्री शांत झोप लागेल.